पहिलं गलबत: लाकडी जहाजाचं मॉडेल घरी कसं बांधायचं

जहाजांची मॉडेल्स करायची इच्छा असलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच वेळी तीन डोलकाठ्या, चाळीस तोफा आणि दोरखंडांचं जाळं असलेलं युद्धनौकेचं किट घ्यायला निघतो. मीही तेच केलं होतं. परदेशी किट, देखणा खोका, वर ‘नवशिक्यांसाठी’ असं लिहिलेलं. चार महिन्यांनी माझ्या हातात जे सांगाडावजा जहाज उरलं, त्याचा कणा एका बाजूला सुमारे चार मिलिमीटर वळलेला होता, कारण मी आधी पूर्ण उजवी बाजू फळ्यांनी मढवून टाकली आणि मग डावीकडे वळलो. ओल्या फळ्या वाळताना आखडल्या आणि त्यांनी कणाच ओढून घेतला. ते दुरुस्त होत नाही.

म्हणून या लेखात युद्धनौका नाही. एका डोलकाठीचा, एका शिडाचा कोकणी मचवा आहे. आपल्या किनाऱ्यावर मासेमारीला आणि बंदराबंदरांतून माल नेण्याला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली ही नौका आहे. लांब पुढे झेपावलेली नाळ (नौकेचं पुढचं टोक), किंचित पुढे कललेली डोलकाठी आणि तिच्यावर तिरकं चढवलेलं लांबलचक परबाण (शीड बांधायची काठी), ही तिची ओळख. तोफा नाहीत, शिड्या नाहीत, शेकडो कप्प्या नाहीत. तरी जहाज बांधणीतलं जे खरं कठीण आहे, म्हणजे वळणदार अंगावर सरळ फळी बसवणं, ते सगळं हिच्यात आहे. मचव्याचं अंग नीट जमलं की पुढे कुठलंही जहाज जमतं. म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग अंगावरच खर्च केला आहे; शीड-दोऱ्या थोडक्यात आटपल्या आहेत.

आकार ठरवताना

मॉडेलच्या जगात सगळं प्रमाणावर चालतं. १:४० म्हणजे खऱ्या नौकेचे ४० सेंटिमीटर तुमच्याकडे १ सेंटिमीटर. बारा मीटर लांबीचा मचवा १:४० ने ३० सेंटिमीटर होतो, साडेतीन मीटरच्या आतबाहेरची रुंदी साडेआठ-नऊ सेंटिमीटर. साध्या टेबलावर मावतो, हातात धरून फिरवता येतो आणि तपशील इतके बारीक होत नाहीत की चिमट्यातून निसटतील.

तुलनेसाठी एक मोठं उदाहरण. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली मलबारी सागवानाची ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जरूर पाहावी. तिच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे साधारण ४६ मीटर. १:६४ ने नुसतं अंगच ७२ सेंटिमीटर भरतं. पुढचा सोट आणि मागची काठी धरली तर मीटरभर जागा हवी, आणि दोन-तीन वर्षांच्या संध्याकाळी. ते जहाज माझ्याही यादीत आहे. पण पहिलं म्हणून नाही.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या. प्रमाण ठरलं की त्याच प्रमाणातला एक माणूस पुठ्ठ्यातून कापून ठेवा. १:४० ला १६५ सेंटिमीटरचा खलाशी ४१ मिलिमीटर उंच होतो. पुढे कठडा, बाक, सुकाणूचा दांडा काहीही करताना त्याला शेजारी उभं करा. कठडा त्याच्या गळ्यापर्यंत आला, तर काहीतरी चुकलंय हे आकडेमोड न करता कळतं.

आराखडा मिळवणं आणि वाचणं

एदमों पारिस या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात समुद्रप्रवासांत जागोजागच्या स्थानिक नौकांची बारकाईने मोजमापं घेतली आणि १८४०च्या दशकात ती छापली. आशियाई नौकांचे आराखडे शोधणाऱ्याला त्यांच्या कामावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सागरी वारशाचं दालन आहे. तिथे मॉडेल्स जवळून पाहायला मिळतात. आणि सगळ्यात चांगली शाळा म्हणजे कुठल्याही खाडीकाठी दुरुस्तीला वर ओढलेली लाकडी नौका. परवानगी घेऊन चारही बाजूंनी फोटो काढा, लांबी-रुंदी टेपने मोजा, नाळेचा कल मोबाइलमधल्या कोनमापकाने घ्या.

आराखड्यात तीन चित्रं असतात. बाजूने दिसणारं, वरून दिसणारं आणि समोरून-मागून पाहिल्यासारखं आडव्या छेदांचं. तिसरं चित्र नवख्याला गोंधळात टाकतं, कारण त्यात उजव्या अर्ध्यात नौकेच्या पुढच्या भागाचे छेद असतात आणि डाव्या अर्ध्यात मागच्या. नौका दोन्ही बाजूंना सारखी असते, म्हणून प्रत्येक छेदाचा अर्धाच भाग काढलेला असतो. ट्रेसिंग पेपर मध्यरेषेवर दुमडून एक अर्धा उतरवला आणि उलटून दुसरा उतरवला की पूर्ण छेद मिळतो. उजवी-डावी वेगवेगळी कधीही काढू नका.

झेरॉक्स काढून आणल्यावर पट्टी लावून दोन्ही दिशांनी मोजा. पुष्कळ मशीन लांबीत एखादा टक्का फरक करतात. ३० सेंटिमीटरला तीन मिलिमीटरचा फरक म्हणजे खाचा जुळणार नाहीत. सगळ्या प्रती एकाच मशीनवर, एकाच दिशेने कागद घालून काढा.

लाकूड

नौका सागवानाच्या असतात म्हणून मॉडेलही सागवानाचं करावं असं वाटतं. मला तो सल्ला द्यायचा नाही. सागाचे रेषे ठसठशीत असतात; खऱ्या नौकेवर ते शोभतात, पण चाळीसपट लहान मॉडेलवर तेच रेषे दोरखंडाएवढे दिसतात. शिवाय दीड मिलिमीटरची सागाची पट्टी वाकवताना चिरते. फळ्यांसाठी हेदू, म्हणजेच हळदू, शोधा. पिवळसर, एकसारख्या बारीक पोताचं, जवळजवळ रेषा नसलेलं लाकूड. पूर्वी फण्या, फूटपट्ट्या, गिरण्यांतले बॉबिन यांना ते वापरत. वखारीत तुकडा मिळाला तर सोन्यासारखा जपा. नाही मिळालं तर शिवण चालेल. बाल्सा हलका आणि हौशी विमानांच्या दुकानांत मिळतो, पण नखानेही खड्डा पडतो. तो फक्त आतल्या भरावाला ठेवा.

कण्याला आणि छेदांना चांगल्या प्रतीचं ४ मिलिमीटर प्लायवूड. घेताना काचेवर ठेवून बघा. डुलत असेल तर परत द्या. फळ्यांच्या पट्ट्या ५ मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड. ५ मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात २० सेंटिमीटर, खऱ्या फळीला जवळचं. बारीक ब्लेडचं गोल करवत असलेल्या सुताराकडून कापून घ्या आणि त्याला आधीच सांगा की निम्मं लाकूड भुशात जाणार आहे, म्हणजे तो मध्येच थांबून तुम्हाला फोन करणार नाही. लागतील त्याच्या दीडपट पट्ट्या घ्या.

लाकूड आणल्यावर दोन आठवडे ज्या खोलीत काम करणार तिथेच पडू द्या. मुंबई-कोकणात राहत असाल तर फळ्या बसवण्याचं काम दिवाळीनंतर सुरू करा. जुलैत लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेल्या फळ्यांमध्ये मार्चपर्यंत फटी पडतात. पावसाळा आराखडे काढायला, कप्प्या कोरायला, डोलकाठी घासायला ठेवा.

हत्यारं

फार लागत नाहीत. चांगला कटर आणि भरपूर पाती, बारीक दात्यांची करवत, दोन कानशी (एक सपाट, एक अर्धगोल), काटकोनी गुण्या, पोलादी पट्टी, अर्धा ते दोन मिलिमीटरच्या ड्रिलसाठी बोटांनी फिरवायचा पिन-व्हाइस, चिमटा, कपड्यांचे लाकडी चिमटे दोन डझन, टाचण्या, रबरबँड. पॉलिश पेपर १२०, १८०, २४० आणि ३२० नंबरचा. छोटा रंधा असेल तर उत्तम. विजेचं कुठलंही यंत्र पहिल्या मॉडेलला लागत नाही, केस वाळवायचा ड्रायर सोडला तर.

गोंदाबद्दल मात्र ठाम सांगतो. साधा पांढरा फेव्हिकॉल घ्या, पाण्यात टिकणारा प्रकार नको. चुकलेला जोड साध्या फेव्हिकॉलचा असेल तर त्यावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पंधरा-वीस मिनिटांनी पात्याने अलगद सोडवता येतो. पहिल्या मॉडेलमध्ये असे दहा-पंधरा जोड सोडवावे लागतात, त्यामुळे ही सोय सोन्याची आहे. हे अल्कोहोल लगेच पेटतं. देव्हारा, गॅस, सोल्डरिंग यांपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून वापरा. झटपट चिकटणारा गोंद फक्त क्षणभर धरून ठेवण्यापुरता. घासताना तोंडाला मास्क हवाच, लाकडाची बारीक धूळ छातीला बाधते.

कणा उभा करणं

नौकेच्या तळाच्या मुख्य लाकडाला कोकणातले कारागीर पठाण म्हणतात. मॉडेलमध्ये पठाण, नाळ आणि मधली उभी फळी हे सगळं मिळून प्लायवूडच्या एका तुकड्यातून कापायचं. या फळीला ठरावीक अंतरावर वरून खाचा असतात आणि प्रत्येक आडव्या छेदाला खालून. दोन्ही एकमेकांत बसतात. मॉडेलवाले या आडव्या तुकड्यांना बल्कहेड म्हणतात. तीस सेंटिमीटरच्या मचव्याला नऊ पुरे. दोन्ही टोकांना जवळजवळ, मध्ये लांब लांब, कारण वळण टोकांनाच जास्त असतं.

कागद प्लायवूडवर चिकटवून रेषेच्या बाहेरून कापा आणि रेषेपर्यंत कानशीने या. खाच इतकीच ठेवा की बोटाच्या दाबाने जाईल. हातोडी लागत असेल तर खाच अरुंद आहे. आपोआप घसरत असेल तर सैल आहे, तिथे कागदाची पट्टी चिकटवून भरा.

आता सपाट पाटावर अॅल्युमिनियमच्या दोन कोनपट्ट्या पठाणाच्या जाडीएवढं अंतर ठेवून स्क्रूने बसवा. या खोबणीत पठाण उभा राहतो आणि गोंद वाळेपर्यंत वळत नाही. बल्कहेड एकेक करून लावा, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी गुण्या लावून काटकोन तपासा. शेवटी नाळेच्या टोकाशी डोळा नेऊन पठाणावरून मागे बघा. रेषा सरळ दिसली पाहिजे. नाही दिसली तर इथेच थांबा, जोड सोडवा, परत लावा. यानंतर संधी नाही.

नाळेच्या दोन्ही बाजूंना, पहिल्या बल्कहेडच्या पुढे, बाल्साचे ठोकळे चिकटवा. पुढे फळ्यांची टोकं टेकायला भरपूर जागा मिळते. आणि पठाण-नाळेच्या दोन्ही अंगांना, जिथे फळीची कड येऊन भिडणार, तिथे दीड मिलिमीटर खोलीची तिरकी खोबण कोरून घ्या. ही खोबण आत्ताच, सगळं उघडं असताना कोरायची. नंतर कटर पोहोचत नाही.

अंग घासून सुरेख करणं

इथे थोडा वेळ थांबू या, कारण मॉडेल बिघडतं ते इथेच.

कापलेल्या बल्कहेडच्या कडा काटकोनात असतात. पण नौकेचं अंग पुढे आणि मागे निमुळतं होतं, म्हणजे फळी कडेला तिरकी येऊन भिडते. कड तशीच ठेवली तर फळी फक्त एका टोकदार धारेवर टेकते. गोंदाला पकड नाही, आणि फळी प्रत्येक बल्कहेडवर थोडी मोडल्यासारखी वाकते. म्हणून मधले दोन-तीन सोडून प्रत्येक बल्कहेडची कड फळीच्या दिशेने तिरकी घासावी लागते. पुढच्यांची पुढची धार, मागच्यांची मागची धार.

मला ही गोष्ट खऱ्या अर्थाने समजली ती एका खाडीकाठी. दुरुस्तीला काढलेल्या नौकेच्या बाजूच्या कुजलेल्या फळ्या उतरवल्या होत्या आणि आतले वाक, म्हणजे नौकेच्या बरगड्या, उघडे पडले होते. वयस्क सुतार बांबूची लांब चिवट कांब त्या वाकांवरून दाबून धरत होते. मग कांब जरा वर सरकवली, परत दाबली, डोळे मिटून तळवा फिरवला आणि एका वाकावर खडूने फुली मारली. मी विचारलं, “काका, इथे काय आहे?” “इथं पोट आलंय,” ते म्हणाले आणि वाकसाने (लाकूड तासायच्या हत्याराने) नखाएवढी चिपटी उडवली. परत कांब. परत तळवा. दुपारभर तेच चाललं होतं.

घरी हेच करायचं. फळीचीच एक पट्टी घ्या, नाळेपासून मागपर्यंत बल्कहेडवरून दोन्ही हातांनी अलगद टेकवा. तीन गोष्टी बघा. प्रत्येक बल्कहेडवर ती कडेच्या पूर्ण जाडीवर टेकते का, की फक्त धारेवर? कुठे ती उचलली जाते का, म्हणजे तिथलं बल्कहेड उंच आहे, पोट आलंय? आणि कुठे खाली फट राहते का, म्हणजे ते बल्कहेड कमी पडतंय? उंच असेल ते घासा. कमी असेल तिथे पट्टीचा पातळ तुकडा चिकटवून भर द्या आणि परत घासा. पट्टी डेकच्या रेषेपासून पठाणापर्यंत सात-आठ ठिकाणी ठेवून तपासा.

घासताना पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळू नका. बोट मऊ, ते खळगे करतं. पंधरा सेंटिमीटर लांब लाकडी पट्टीला पेपर चिकटवा आणि एकावेळी दोन-तीन बल्कहेडवरून जाईल असा तिरका हात चालवा. हाताखाली दर मिनिटाला मोकळ्या हाताने तपासा. कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवलीत तर रेघ कुठे पुसली गेली यावरून कुठे घासलं ते दिसतं. एका बाजूला मी दोन संध्याकाळी देतो. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच.

फळ्या

आता प्रत्येक फळी किती रुंद ठेवायची ते काढायचं. कागदाची अरुंद पट्टी घेऊन सगळ्यांत रुंद बल्कहेडवर डेकपासून पठाणापर्यंत कडेला लपेटा, खूण करा, सरळ करून मोजा. समजा ७० मिलिमीटर आले. ५ मिलिमीटरच्या फळ्या, म्हणजे १४. याच १४ फळ्या नाळेजवळच्या बल्कहेडवरूनही जायला हव्यात. तिथे लपेटून मोजलं तर समजा ४९ मिलिमीटर. म्हणजे तिथे प्रत्येक फळी साडेतीन मिलिमीटरची झाली पाहिजे. प्रत्येक बल्कहेडसाठी असं मोजून वहीत तक्ता करा आणि बल्कहेडच्या कडांवर १४ भागांच्या खुणा करा. फळीवर त्या रुंद्यांच्या खुणा करून रंध्याने किंवा कटर-पट्टीने कड निमुळती करायची.

एक मर्यादा पाळा. फळी तिच्या मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नका. ५ मिलिमीटरची फळी अडीचच्या खाली गेली की चिरते आणि खोटीही दिसते. तेवढी जागा नसेल तर दोन फळ्यांची मिळून एक करून संपवतात. मागच्या बाजूला उलट होतं. लपेट ७७ आला तर १४ फळ्यांत प्रत्येकीला साडेपाच लागतात आणि तुमच्याकडे पाचच आहेत. मग मधल्या फटीत पाचरीसारखी निमुळती जादा फळी बसवतात. फळ्या ताणून फट भरायचा मोह होईल, तो टाळा.

क्रम असा. पहिली फळी डेकच्या रेषेवर, डावी. मग लगेच उजवी. डेकपासून खाली तीन-चार फळ्या अशा जोडीजोडीने बसवा. मग पठाणाला लागून एक जोडी. मग वरून आणि खालून आळीपाळीने मध्याकडे या. एका बाजूला एकाहून जास्त फळी कधीच पुढे जाऊ देऊ नका. माझ्या पहिल्या जहाजाचा कणा कशाने वळला ते वर सांगितलंच आहे.

वाकवण्यासाठी पट्टी गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा. नाळेच्या बाजूचं टोक डब्याभोवती वळवून रबरबँडने बांधा आणि ड्रायरने वाळवा. सोडल्यावर थोडी उलगडेल, म्हणून हवी त्याहून जरा जास्त वळवा. खरी अडचण दुसऱ्या वाकाची. नाळेजवळ फळीला तिच्या रुंदीच्या दिशेनेही वर चढावं लागतं, आणि नुसती दाबली तर तिची एक कड उचलली जाते. त्यासाठी ओली पट्टी पाटावर आडवी ठेवा, एक टोक चिमट्याने पक्कं करा, दुसरं टोक बाजूला ओढून पक्कं करा, मधला भाग उचलू नये म्हणून वर दुसरा ठोकळा दाबा आणि ड्रायर लावा. दोन मिनिटांत पट्टी तलवारीसारखी बाक घेते आणि तशीच राहते. ही युक्ती कळेपर्यंत मी फळ्या जोर करून बसवत होतो. कळल्यावर एकही कड उचलली नाही.

कोरडी झालेली फळीच चिकटवा. गोंद बल्कहेडच्या कडेवर आणि शेजारच्या फळीच्या कडेवर, दोन्हीकडे, पातळ. टाचणी फळीतून आरपार ठोकू नका. फळीच्या कडेला लागून बल्कहेडमध्ये टोचा आणि तिच्या डोक्याने फळी दाबून धरा. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तेल लावल्यावर तिथे फिक्कट डाग उरतो. दिवसाला दोन जोड्या पुरेत.

शेवटची फळी मोजून कापत नाहीत. उरलेल्या फटीवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की कडा उमटतात. तो आकार पट्टीवर उतरवून केसभर मोठा कापायचा आणि घासत घासत बसवायचा.

अंग पूर्ण करणं

दोन दिवस वाळू द्या. मग १२० पासून ३२० पर्यंत घासत या, नेहमी फळीच्या दिशेने. लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून फटी भरायची पद्धत आहे, पण तो लेप वाळल्यावर काळपट होतो. मोठ्या फटीत त्याच लाकडाची चपटी पाचर सरकवून कापून टाकणं मला जास्त पटतं.

खऱ्या नौकांना पाण्यावरच्या भागाला माशाचं तेल आणि पाण्याखालच्या भागाला चुना-चरबीचा लेप द्यायची जुनी पद्धत होती, किडीपासून बचावासाठी. म्हणून मॉडेलवर पाणरेषेच्या वर जवसाचं तेल किंवा मॅट सीलर आणि खाली मळकट पांढरा रंग. चकाकणारं वॉर्निश लावू नका; त्याने नौका फर्निचरसारखी दिसते. पाणरेषा काढण्यासाठी नौका पाटावर सरळ उभी करा, पेन्सिल एका ठोकळ्यावर योग्य उंचीला बांधा आणि ठोकळा नौकेभोवती फिरवा.

डेकच्या फळ्या ४ मिलिमीटरच्या. चिकटवण्यापूर्वी प्रत्येकीच्या एका कडेवरून मऊ पेन्सिल फिरवा. दोन फळ्यांमध्ये कलाफतीची (फटी बुजवणाऱ्या भरावाची) काळी रेघ आपोआप दिसते.

डोलकाठी, परबाण, शीड

डोलकाठीसाठी चौकोनी काडी घ्या, गोल नको. टोकाकडे ६ वरून ४ मिलिमीटरपर्यंत निमुळती करा, मग कोपरे मारून आठकोनी, परत कोपरे मारून सोळाकोनी, मग पॉलिश पेपरने गोल. गोल काडी निमुळती करायला गेलात तर ती वेडीवाकडी होते. बसवताना डोलकाठी पुढच्या बाजूला कललेली राहिली पाहिजे. पुठ्ठ्याचा त्या कोनाचा साचा करून टेकू द्या. ताठ उभी डोलकाठी लावलेला मचवा कोकणातल्या माणसाला लगेच खटकतो.

परबाण दोन तुकड्यांचं असतं, मध्ये एकावर एक चढवून दोरीने करकचून बांधलेलं. मॉडेलमध्येही तसंच करा, एका काडीचं करू नका. ती बांधणी या नौकेचा सगळ्यांत देखणा तपशील आहे.

शिडाला जुनी मऊ मलमल. कोऱ्या चहात बुडवून वाळवली की वापरलेल्या शिडाचा रंग येतो. शिडाच्या कापडी पट्ट्यांची शिवण मशीनवर मारू नका. दोन मिलिमीटरचा टाका १:४० ला आठ सेंटिमीटरचा होतो. पंधरा मिलिमीटर अंतरावर टोकदार पेन्सिलीने रेघा ओढा, त्या जास्त खऱ्या वाटतात. शीड उघडं दाखवणं अवघड वाटत असेल तर परबाणाला गुंडाळून बांधा. मात्र त्यासाठी कापड मूळ उंचीच्या एक तृतीयांशच घ्या, नाहीतर गुंडाळी गादीएवढी जाड होते.

दोऱ्या खऱ्या नौकेवर बऱ्याचशा काथ्याच्या, म्हणून दोरा तपकिरी हवा. २४ मिलिमीटरचा दोर मॉडेलवर ०.६ मिलिमीटर. सुती दोरा दमट हवेत आखडतो आणि कोरड्या हवेत ढिला पडतो, त्यामुळे पॉलिएस्टरचा, चकाकी नसलेला दोरा घ्या. मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढला की तंतू बसतात. गाठीला पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा थेंब द्या. झटपट गोंदाने दोरा काचेसारखा कडक होतो आणि गाठ चमकते. परबाण वर ओढायची दोरी आधी, डोलकाठीला बाजूचे आधार नंतर, आणि शिडाचा खालचा कोपरा आवरणारी दामण सगळ्यांत शेवटी. उरलेल्या दोरीची वेटोळी वेगळी करून डेकवर चिकटवा.

ठेवणं

धूळ दोऱ्यांवर बसली की निघत नाही, म्हणून अॅक्रिलिकची पेटी पहिल्याच दिवशी करा. पूर्ण बंद नको; खालच्या फळीत जाळी लावलेली दोन बारीक छिद्रं ठेवा, म्हणजे पावसाळ्यात आत बुरशी धरत नाही. भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल आणि वाळवी तिथूनच येते. थेट उन्हाने हेदूचा पिवळा रंग करपतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने वरून खाली.

पेटीच्या तळाला कागद चिकटवा: नौकेचा प्रकार, प्रमाण, कुठलं लाकूड, कुठला गोंद, कुठलं तेल, सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख. दहा वर्षांनी एखादी फळी सुटेल तेव्हा दुरुस्त करणाऱ्याला हा कागद लागेल. बल्कहेडचे कागदी साचे आणि फळ्यांच्या रुंद्यांचा तक्ता पाकिटात घालून त्याच पेटीखाली ठेवा; पुढची दोन डोलकाठ्यांची फत्तेमारी, म्हणजे मोठी मालवाहू नौका, हातात घ्याल तेव्हा पहिला संदर्भ तोच असेल.